विहीणबाई, तुम्ही बसा

वैशाख निम्मा सरला की आमच्या गच्चीवरून पश्चिमेला धूर दिसायला लागतो. लेण्याद्रीच्याही मागं, मढच्या अंगाला, जिथं डोंगर निळे होत होत आभाळात मिसळून जातात, तिथं. एका जागी नाही, दोन-चार जागी. बारीक, उभा, मग वाऱ्यानं वाकलेला. आमच्या इकडच्या बागायती माणसांना तो वणवा वाटतो. "डोंगर पेटला बगा," म्हणतात आणि चहा फुंकत बसतात. पण वणवा असा रांगेत, शिस्तीत निघत नसतो. तो राब असतो.

राब म्हणजे काय, हे ज्यांनी भात फक्त ताटात पाहिला त्यांना सांगायला हवं. भाताचं रोप जिथं टाकायचं, तेवढ्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं. त्यावर झाडाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ हात. मग विस्तव द्यायचा. जाळ मोठा होऊ द्यायचा नाही, नुसतं धुमसू द्यायचं. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख मुरते. पाऊस पडला की त्या काळ्या तुकड्यात भात पेरायचा. सगळा पश्चिमपट्टा वैशाखात हेच करतो. त्या धुराचा एक वास असतो. शेणाचा, ओल्या-सुक्या पाल्याचा, थोडा गोडसर. लहानपणी तो माझ्या परकराला, केसांना, अगदी भाकरीलासुद्धा यायचा. आता मात्र तो नाकाशी आला की हातातलं काम थांबतं आणि मी उगाच दारापुढच्या ओट्याकडं बघते. ओट्यावर कोणी नसतं. तेव्हाही नव्हतं, म्हणूनच तर.

माझं माहेर घोडनदीच्या वरच्या अंगाला. म्हणजे, होतं. धरण झालं, पाणी चढत गेलं, आणि गाव खाली गेलं. नव्वद सालाच्या पुढची ती वर्षं. कुणी पुनर्वसनाच्या गावठाणात गेलं, कुणी पोराकडं मुंबईला गेलं, कुणी तिथंच वर टेकाडावर सरकून झोपडं टाकलं. माझे वडील आधीच गेलेले. मला भाऊ नाही. आई एकटी. तिनं कुठं जायचं?

आमचे हे स्वतः टेम्पो घेऊन गेले तिला आणायला. माणूस मनाचा मोठा, हे मी आजही म्हणेन. लेकीच्या घरी सासू कायमची आणून ठेवायची, ही आमच्यात सोपी गोष्ट नव्हती. मला पहिलं मूल होईपर्यंत आईनं आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. यायची, उंबऱ्याशी टेकायची, पदराखाली आणलेली वरईची पिशवी माझ्या हातात द्यायची आणि मिळेल त्या गाडीनं परत. त्या बाईला आता आमच्या घरी राहायचं होतं, जेवायचं होतं, मरायचं होतं.

टेम्पोतून उतरवताना हे तिला म्हणाले, "मामी, लई कष्ट काडलं तुमी. आता हितं काय बी करायचं न्हाई."

आणि माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, तोंडाच्या फटकळ पण रीतीला पक्क्या, त्यांनी ओट्यावर नवी घोंगडी अंथरली आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी बसा."

बघा, सगळं चांगलंच होतं. कोणाच्याही मनात वाकडं नव्हतं. आईनं झाडू उचलला की आत्याबाई तो हातातून काढून घ्यायच्या. "अवं, विहिणीला राबवत्यात म्हनून गाव तोंडात शेन घालंल माज्या! तुमी बसा." चुलीपाशी गेली की, "तुमी बसा." गोठ्यात गेली की, "गुरांना तुमची वळख न्हाई, लाथ मारतील, तुमी बसा." आई बसायची. करणार काय? लेकीचं घर. मागून काम घ्यायचं तर विहिणीला कमीपणा, न मागावं तर दिवस जाईना.

जी बाई पहाटे उठून नदीवर जायची, डोक्यावर हिरड्याची पाटी घेऊन डोंगर उतरायची, चिखलात गुडघाभर उभी राहून दिवसभर भात लावायची, ती घोंगडीवर बसली. पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, विसावू दे. मग तिचे हात दिसायला लागले मला. ते विसावत नव्हते. पदराचा काठ उसवायचे, दोरा दोरा काढायचे. समोर काही नसताना काहीतरी निवडत राहायचे. बोटांनी उचलायचं, बाजूला ठेवायचं, परत उचलायचं. आम्ही तिला टीव्हीपुढं बसवायचो. हिंदी मालिका लागलेली असायची, नटलेल्या बायका एकमेकींकडं डोळे वटारून बघायच्या, आणि आई त्या टीव्हीच्या वरच्या भिंतीकडं बघत असायची.

बोलणं कमी झालं. मग जेवण कमी झालं. "भूक न्हाई गं." मग वेणी घालायची राहिली. मी घालायला बसले तर डोकं पुढं-मागं हलायचं, बाहुलीसारखं, मी ओढीन तिकडं. एकदा मी विचारलं, "आई, काय व्हतंय तुला?" तर म्हणाली, "काय न्हाई. सुक व्हतंय."

सुख होतंय. अशा आवाजात मी ते शब्द पुन्हा कधी ऐकले नाहीत, आणि ऐकू नयेत.

आमचं घर जुन्नर-आंबेगावच्या शिवेजवळ, कालव्याच्या कडेला. हे सांगायला हवं, कारण सगळी भीती त्या कालव्याचीच होती. तो कालवा आईच्या गावावरच्या धरणातून येतो. पाणी आल्यापासून आमच्याकडं ऊस उभा राहिला, कांदा दुप्पट निघायला लागला, आत्याबाईंच्या हातात पाटल्या आल्या. सगळा शिवार त्या पाण्याला हात जोडायचा. आई एकदा माझ्याबरोबर कालव्यावर आली. उभी राहिली. पाणी तट्ट भरून चाललेलं, गढूळ, आवाज न करता. ती म्हणाली, "ह्ये आमचं पानी." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "माज्या घरावरनं आलंय ह्ये."

त्यानंतर ती रोज जायला लागली. उन्हं कलली की ओट्यावरून उठायची आणि कालव्याच्या भरावावर जाऊन उभी राहायची, पश्चिमेकडं तोंड करून. कधी भरावावरून तशीच चालत सुटायची, पाण्याच्या उलट दिशेनं.

चैत्रात कांदा काढणी चालू होती. आम्ही सगळ्या बायका वाफ्यात, खाली मान. मी एक वाफा संपला की मान वर करायची आणि ओट्याकडं बघायची. लुगड्याचा निळा रंग दिसला की परत खाली. असं दिवसभर. दुसऱ्या बायका गप्पा मारायच्या, हसायच्या, मला काही ऐकू यायचं नाही. माझा सगळा जीव त्या निळ्या ठिपक्यात. आणि एक दिवस मान वर केली तर ओटा रिकामा.

मी विळा टाकला आणि पळाले. कांद्याच्या ढिगांवरून, सरीत पाय मुरगाळत. कालवा त्या दिवशी काठोकाठ होता. आई भरावाच्या आतल्या उतारावर होती, खाली, जिथं फरशी निसरडी असते तिथं. पाण्याला हात लावत होती. पाण्यात बोटं बुडवायची, बाहेर काढायची, बघायची.

मी हाक मारली नाही. हाकेनं दचकली तर? मी हळूच उतरले आणि मागून तिच्या दंडाला घट्ट धरलं. ती वळून म्हणाली, "अगं, पडशील की."

मला वर यायला जमेना, निसरड्या फरशीवर पाय सरकायला लागला. शेवटी तिनंच मला हात देऊन वर ओढलं.

ती पाण्यात जाणार होती का? मला माहीत नाही. इतकी वर्षं झाली, ती घडी मी सगळ्या बाजूंनी उलटून पाहिली, तरी सांगता येत नाही. आणि तेच जास्त भीतीचं होतं. जिला विचारायचं तिलाही माहीत नसावं.

घरात मग कुजबूज सुरू झाली. शेजारची काकी म्हणाली, "पान्यातलं लागलंय. बुडल्या गावाचं काईतरी मागं आलंय. देवरुशाकडं न्या." आत्याबाईंनी ओझरच्या गणपतीला नारळ बोलला. हे मात्र वेगळंच बोलायला लागले, हळू आवाजात, मी चुलीपाशी असताना. "पुण्याला मोटं हास्पिटल हाय म्हनं. ठिवून घेत्यात. आपन दिसभर रानात. कोन राखनार? उद्या काय झालं तर तुज्यानं सोसंल का?"

मी म्हटलं, "ठिवून घेत्यात म्हंजी वेड्यांच्यात?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

आधी आम्ही तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांकडं गेलो. तरुण होते, बोलायला मऊ. आईला त्यांनी खुर्चीवर बसवलं, आम्हाला बाकावर. झोप विचारली, भूक विचारली, रडू येतं का विचारलं. आई प्रत्येकाला मान हलवायची, कशालाही. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "ह्या घरी काय करतात दिवसभर?"

आमच्या ह्यांनी अभिमानानं सांगितलं, "काय बी न्हाई, डॉक्टर. काडी हालवू देत न्हाई आमी. पाटावर बसवून ठिवलीय."

डॉक्टरांनी आईच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "हे वेड नाही. मन आजारी पडतं, तसं पडलंय. जुनं झाड मुळासकट दुसऱ्या रानात लावलं तर ते लगेच धरत नाही ना, तसं. गोळ्या देतो. गुण यायला वेळ लागेल. एकट्या सोडू नका. आणि जरा बोलतं ठेवा त्यांना." अजून काही म्हणणार होते, तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी पोर मोठ्यानं रडायला लागलं आणि ते उठले.

येताना गाडीत हे म्हणाले, "वेड न्हाई म्हनले ना?" मी म्हटलं, "हो." तर म्हणाले, "मग काय हाय?" ताप म्हटला तर कपाळ भाजतं, हात मोडला तर हात लोंबतो. ह्याला काय दाखवायचं?

मधेच आताचं सांगते. माझा थोरला पुण्यात असतो, फ्लॅट घेतलाय, लिफ्ट आहे. आता मीही आईच्या त्या वयाच्या आसपास आले. परवा फोनवर म्हणाला, "आई, तू इकडं ये कायमची. इथं तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही." पोर चांगलं आहे, मायेनं बोललं. पण मी म्हटलं, "बाबा, भाजी निवडायला तरी देशील का?" तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा केली.

गोळ्या चालू झाल्या. सकाळी चहाबरोबर मी स्वतःच्या हातानं द्यायची. आईला थोडी झोप लागायला लागली, पण डोळे तसेच. आणि मग वैशाख आला. काढलेला कांदा सुकवून आम्ही बराखीत भरला. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट खोप, तुरीच्या काठ्यांची, वर गवताचं छप्पर. आमची वर्षाची कमाई त्यात. विहिरीच्या पलीकडं, परड्याच्या टोकाला.

त्या दिवसांत आई जरा हलायला लागली होती. बांधावर फिरायची, वाळक्या काटक्या उचलायची. आत्याबाई म्हणाल्या, "फिरू दे. जळान गोळा करतीया." आम्हाला बरंच वाटलं. कालव्याकडं जात नाही ना, मग बास. ती उंबराखालचा पाला पदरात घालून न्यायची. गोठ्यामागचं शेण न्यायची. कुठं नेते, कोणी बघितलं नाही. सगळं घर फक्त एकच बघत होतं, ती पाण्याकडं जाते का.

दुपारची वेळ. वारा अगदी मंद. मी पापड वाळत घालत होते, आणि वास आला.

आधी मला कळलंच नाही. उलट एक क्षण छातीत काहीतरी मोकळं झालं, परकर घातलेली पोर झाले मी. मग कळलं, हा वास इथं यायला नको. इथं भात नाही. इथं राब कोण लावील? आणि ओटा रिकामा होता.

"आग! आग लागली! बराखीला आग लागली!" शेजारच्या रानातून ओरडा झाला. हे मोटार चालू करायला धावले, तर लाइट गेलेली. माणसं घागरी घेऊन पळत होती. आत्याबाई अनवाणी, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं, बराखीकडं.

बराखीला आग नव्हती. बराखीपासून थोड्या अंतरावर, पडीक तुकड्यात, चौकोनी आखीव राब लावलेला होता. कडेनं गवत साफ केलेलं, माती ओढून घेतलेली. वाऱ्याच्या उलट्या अंगानं विस्तव दिलेला, म्हणून जाळ कुठं उठत नव्हता, नुसता धूर, हळूहळू पुढं सरकणारा. आणि त्याच्या कडेला आई, हातात फांदी घेऊन, चेहरा राखेनं काळा. एका माणसानं घागर उचलली तर ती किंचाळली, "पानी टाकू नगं! वाया जाईल सगळं! आरं, टाकू नगं म्हनलं ना!"

आम्ही सगळे जागच्या जागी. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला आम्ही. मोठा, रागीट, तिचा स्वतःचा.

पण हे तर चिडलेच होते. भीतीनं माणूस जसा चिडतो तसे. "मामी! वर्साचा माल हाय त्येच्यात! एक ठिनगी उडाली असती तर? कशापायी केलं ह्ये? कशापायी?"

आईनं त्यांच्याकडं बघितलं. तिला खरंच प्रश्न कळला नसावा. म्हणाली, "कशापायी म्हंजी? पावनं, वैशाक हाय न्हवं."

ह्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. तोंड पडलेलं. म्हणाले, "शांता, उद्या गाडी सांगतो. पुण्याला न्यायचं. आता माझं काय चालंना." बराख वाचली होती, पण वाचली नसती तर? उद्या चूल पेटवायला गेली आणि घरच पेटलं तर? ते खोटं बोलत नव्हते. जमलेली माणसं माना डोलवत होती. आईला पुण्याला नेलं, खाटेवर ठेवलं, तिथल्या बाईनं "तुम्ही बसा" म्हटलं, की माझी आई परत येणार नाही, हे मला समोर दिसत होतं. आणि तरी मी पापडाचे हात पदराला पुसत उभी होते.

आत्याबाई राबाच्या कडेनं एक चक्कर मारून आल्या. कुठं जाळ आहे का ते बघून आल्या. त्या बाईंना कांद्यापेक्षा जवळचं काही नव्हतं, त्यामुळं आता त्या काय बोलतील ह्या भीतीनं मी डोळे मिटले. त्यांनी आईला विचारलं,

"किती येळ जळंल ह्ये?"

"सांजपातुर," आई म्हणाली.

"आन् वारं फिरलं तर?"

"म्हनून तर हितं राखन करतीया. राब सोडून जात न्हाई कुनी."

आत्याबाईंनी पदर सावरला, एक दगड पायानं सरकवला आणि त्यावर बसल्या. ह्यांना म्हणाल्या, "तू जा घरला. आमी हाओत हितं. आन् गाडी-बिडी नगं आत्ता. पाऊस पडू दे, मग बगू."

"आई, पर..."

"पाऊस पडू दे म्हनलं."

संध्याकाळपर्यंत त्या दोघी तिथं होत्या. मी दोनदा चहा नेला. बोलत नव्हत्या फारसं. एकदा आत्याबाई म्हणाल्या, "धूर लई चावतो डोळ्याला." आई म्हणाली, "पैल्या वर्सी चावतो."

पण ह्यांनी शब्द धरून ठेवला होता. पाऊस पडू दे. तो ज्येष्ठ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सगळा मुलूख ढगांची वाट बघत होता आणि मी मनात म्हणत होते, दोन दिवस थांब रे बाबा, अजून दोन दिवस. पाऊस आला की गाडी येणार. आई कधी बरी दिसायची, राख उडू नये म्हणून राब झाकून यायची, कोंबड्या हाकलायची. कधी परत घोंगडीवर भिंतीकडं तोंड करून पडायची आणि मी हलवलं तरी वळायची नाही. गोळ्या मी चुकवल्या नाहीत. रोज सकाळी तिच्या चेहऱ्यात शोधायची, आज कोण उठलंय, कालवा बघणारी का राब राखणारी?

पाऊस आला. आईनं राबात भात पेरला. कुठून आणलं होतं बियाणं? गाव सोडताना कपड्यांच्या गाठोड्यात बांधून आणलं होतं म्हणे. रोप इतकं दाट, इतकं हिरवं उठलं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पण लावणार कुठं? आमच्याकडं सगळं उसाचं, कांद्याचं रान. ह्यांनी माझ्याशी बोलणं तोडलं नव्हतं, पण गाडीचा विषय रोज जेवताना ताटाजवळ येऊन बसायचा. शेवटी मीच म्हटलं, "कालव्याखालचा तो पाझराचा तुकडा. ऊस सडतोय त्येच्यात. तेवडा द्या तिला. मग न्या कुटं न्यायचं तितं."

ते सकाळी उठले आणि फावडं घेऊन त्या तुकड्याला बांध घालायला गेले.

आषाढातल्या त्या सकाळी आम्ही लावणीला उतरलो. आई, मी आणि आत्याबाई. आत्याबाईंना खरं तर कोणी बोलावलं नव्हतं. "लागन म्हंजी मला काय नवी हाय का? कांदं लावण्यात जल्म गेला." लुगडं खोचलं आणि उतरल्या चिखलात. हे बांधावर पाणी वळवत होते.

आई वाकून, मागं मागं सरत, रोपाची चिमूट चिमूट चिखलात सोडत चालली. हात असा चालायचा की बघत राहावं. आणि आत्याबाई? त्यांनी कांद्यासारखं एकेक रोप वेगळं केलं, बोटानं भोक पाडलं, रोप बसवलं, आणि बाजूची माती अंगठ्यानं गच्च दाबली. एकाला एक लागून, इतकी दाट ओळ की मुंगी जाणार नाही.

आईनं मान वर केली. बघितलं. मला वाटलं नेहमीसारखी गप्प बसेल. विहीण ना ती, लेकीच्या सासूला कोण बोलणार?

"अवं, ह्ये काय चाललंय?"

"काय म्हंजी? लागन."

"ही लागन? एकेक काडी? भात हाय का काय हाय? आन् एवडं दाबताय कशाला, गुदमरून मरंल की त्ये!"

"मला शिकवू नगं हां!" आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माजी लागन बगाय लोकं येत्यात. अशी वळ सुतात कुनाची येत न्हाई."

"सुतात यीऊ दे न्हाई तर इमानात यीऊ दे! दाना धरनार न्हाई त्येला. काडा ती वळ."

"न्हाई काडत."

"मंग मी काडते."

आणि आई खरंच चिखलातून तरातरा गेली आणि आत्याबाईंची ओळच्या ओळ उपटून काढली. आत्याबाईंनी "आगं आगं आगं" करत तिचा हात धरला. दोघींच्या अंगावर चिखल. आत्याबाई विहीणबाई म्हणायचं विसरल्या, "ए बाई" वर आल्या. आईनं त्यांना "कांदेवाली" म्हटलं. आत्याबाईंनी आईला "डोंगरी" म्हटलं. बांधावरचे हे फावडं टाकून खाली उतरायला लागले.

मी आडवी आले. "थांबा."

"अगं, भांडत्यात त्या!"

"म्हनून तर थांबा म्हनते. आई भांडतीय. ऐका तरी."

ते थांबले. ऐकत राहिले. मग हळूच परत बांधावर गेले आणि फावडं उचललं. पुण्याच्या गाडीचं नाव त्यानंतर त्यांनी काढलं नाही.

सगळं त्या दिवशी बरं झालं, असं मी म्हणणार नाही. गोळ्या पुढं कितीतरी दिवस चालू होत्या, बंद झाल्या, परत लागल्या. काही वैशाखांत ती परत भिंतीकडं वळली आणि मी परत कालव्याकडं धावले. गेलेलं गाव काही कोणी तिला काढून देणार नव्हतं. पण घोंगडी ओट्यावरून उचलली गेली, आणि आत्याबाईंशी तिचं रोज काहीतरी वाजायला लागलं. चुलीवरून, ताकावरून, कोंबड्या कुणी कोंडायच्या त्यावरून. शेजारची काकी मला म्हणायची, "काय गं, दोगींचं पटत न्हाई वाटतं?" मी म्हणायची, "आता कुटं पटाय लागलंय."

त्या सकाळी मात्र मी चिखलात उभी होते, हातातलं रोप तसंच, गालावरून काय वाहतंय ते पुसायला हात मोकळा नाही. पाठीमागून आत्याबाई ओरडल्या, "ए शांता! सांग तुज्या आईला, रान माजं हाय!"

आणि त्यावर आईचा आवाज आला, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असा,

"आन् रोप माजं हाय!"